शुद्ध विजेचा खांब

कान असावेत तर कुसानोसानांसारखे! हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणायचे. सकाळी म्हणायचे, संध्याकाळी म्हणायचे, आणि सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसले की शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही म्हणायचे. आमच्या जपानातल्या सुवा तळ्याकाठच्या एका घड्याळांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, तीही तपासनीस म्हणून. घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "पास!" नाहीतर "सदोष माल!" निवृत्त झाले म्हणून सवय जाते थोडीच! जेवताना लोणच्यातला मुळा कचकन चावला तरी क्षणभर थांबायचे आणि मान डोलवून त्याला पास करायचे.

असा माणूस संगीताच्या नादी लागला तर त्याचं साध्यासुध्या यंत्रावर भागणार आहे होय? घराच्या मागच्या अंगाला त्यांनी खास ऐकायची खोली बांधून घेतली. भिंती जाड, दार त्याहून जाड, खिडकीला काळे पडदे. आत कपाटाएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्या बरोबर समोर एक खुर्ची. खुर्चीचे पाय कुठे टेकायचे त्याच्यासुद्धा जमिनीवर खुणा! त्यांच्या बायकोला, मित्सुएसानना, आत यायला बंदी होती. एकदा त्या चहा घेऊन आत गेल्या, तर म्हणे त्यांच्या लोकरीच्या स्वेटरनं अर्धा आवाज पिऊन टाकला. तेव्हापासून चहा दाराबाहेर.

मित्सुएसान कशाला वाद घालतायत! त्या गेल्या जुन्या सामानाच्या दुकानात आणि प्लास्टिकचे दोन स्पीकर उचलून घेऊन आल्या. एकाची जाळी फाटलेली, दुसऱ्याला चिकटपट्टी. स्वयंपाकघरात फ्रिजवर मांडले आणि रेडिओला जोडले.

"हे काय आणलंस?" कुसानोसानांनी विचारलं.

"स्पीकर."

"याला स्पीकर म्हणतात? अगं, बिस्किटाच्या डब्याला वाचा फुटली तर तो असाच बोलेल!"

"मला पुरतो बिस्किटाचा डबा."

आता गंमत बघा. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की कुसानोसान नेमके स्वयंपाकघरात! कधी चष्मा शोधायला, कधी लोणच्याची बरणी शोधायला. आणि बातम्या संपेपर्यंत बरणी काही म्हणजे काही सापडायची नाही.

तर अशा या सुखी संसारात, गेली दोनेक वर्षं, त्या ऐकायच्या खोलीतला आवाज विझायला लागला. झांजेची चमक गेली. व्हायोलिन पांघरुणाखालून वाजतंय असं वाटायला लागलं. कुसानोसानांनी तारा बदलल्या, बागेत पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड आणल्या. तारांखाली चेरीच्या लाकडाचे ठोकळे ठेवले. स्पीकर इंच पुढे, अर्धा इंच मागे. फरक शून्य! शेवटी एका सकाळी ते थेट आमच्या दारात उभे.

"तुमचं वॉशिंग मशीन चालू आहे का?"

"आहे की. का हो?"

"तरीच!" ते म्हणाले. "तुमची आणि माझी वीज एकाच खांबावरून येते. तुमच्या कपड्यांचा मळ माझ्या व्हायोलिनमध्ये येतो!"

मी शेजारी. शेजाऱ्यानं हसायचं नसतं. मी वाकून माफी मागितली आणि मशीन बंद केलं. पण तेवढ्यानं भागलं नाही. आमच्याकडे या छंदाचे काही पोचलेले लोक जे करतात तेच त्यांनी केलं. निवृत्तीच्या पैशातून स्वतःच्या अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारला! फक्त त्यांच्या घरासाठी! भरीव, उंच, करकरीत. देवळातले पुजारी आले, त्यांनी कागदी झालरीची काठी फिरवून जागा शुद्ध केली, खांबाच्या बुडाशी साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडली. खांबाला साके मिळाली, आम्हाला नुसता चहा.

"अहो," मित्सुएसान हळूच म्हणाल्या, "त्यापेक्षा एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो असतो."

"माझ्या कानांसाठी?" कुसानोसान केवढ्यांदा हसले! "डॉक्टरच माझ्याकडून स्वतःची घड्याळं तपासून घेईल!"

आता या सगळ्यात एक नाजूक गोष्ट होती, आणि ती फक्त मित्सुएसानना दिसत होती. कुसानोसानांची नात, होनोका. पहिलीत होती, तोक्योला राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. पूर्वी आजोबा-नातीचं तासभर चालायचं. हल्ली आजोबा नुसतं "हो का? वा वा!" करायचे. पोरगी म्हणायची, "आजोबा, माझा दात पडला, रक्त आलं," आणि आजोबा म्हणायचे, "वा वा! शाबास!" मग ती म्हणायला लागली, "आजीला द्या." कुसानोसान रिसीव्हर देऊन टाकायचे आणि वर म्हणायचे, "टेलिफोनवाल्यांच्या तारा भिकार आहेत." पण मनातून त्यांना लागायचं. फार लागायचं. त्या खोलीचं दार लावून ते नुसते बसून राहायचे, संगीतसुद्धा न लावता.

ऑगस्टमध्ये पितरांच्या ओबोन सणाला होनोका आली ती एक प्लास्टिकची पेटी छातीशी धरून. आत माती, आणि मातीवर तिळाएवढे काळे जीव. घुंगरूकिडे! आमच्याकडे लोक ते हौसेनं पाळतात, शरदात त्यांचं गाणं ऐकायला. अंड्यातून निघाल्यापासून तिनं ते काकडी-वांग्याच्या चकत्यांवर वाढवले होते.

"आजोबा, हे तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "तुमचे कान सगळ्यात भारी आहेत ना? पहिल्यांदा गायले की मला लगेच सांगा. वचन?"

हे मात्र कुसानोसानांना स्वच्छ ऐकू आलं, कारण ती त्यांच्या मांडीवर बसून बोलली होती. "वचन!" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले. पेटी त्यांनी ऐकायच्या खोलीत नेली आणि डाव्या स्पीकरवर ठेवली. चकत्या स्वतः कापायचे, माती स्वतः भिजवायचे. मित्सुएसाननाही हात लावू देत नसत.

ऑगस्ट संपला. किडे मोठे झाले, पंख फुटले. कुसानोसान अंधारात खुर्चीवर डोळे मिटून बसायचे. काही नाही! टॉर्च मारून बघितलं, तर नर पंख उभे करून थरथरवतायत. अंगात आल्यासारखे थरथरवतायत, आणि आवाज? अजिबात नाही!

"सदोष माल," ते चुकचुकले.

रविवारी फोन आला.

"आजोबा, गायले?"

"नाही गं राणी. पंख हलवतात नुसते."

"मला ऐकवा ना!"

फोनची लांब वायर ओढत ते खोलीत गेले आणि रिसीव्हर पेटीला लावून उभे राहिले. मग विचारलं, "येतंय काही ऐकू?"

"नाही," होनोका म्हणाली. आणि मग, "आजोबा, मी त्यांना मधे एकदा शाळेच्या सहलीमुळे दोन दिवस काकडी नव्हती दिली. म्हणून ते मुके झाले का?"

तिचा सूर रडवेला होता. कुसानोसानांना शब्द कळले नाहीत. ते म्हणाले, "हो, हो, तसंच असेल!"

फोन खाली ठेवला गेला. तिकडे पोर मुसमुसून रडली, हे मित्सुएसानना नंतर सुनेकडून कळलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "काय बोललात तुम्ही तिला!" कुसानोसान बिचारे गोंधळून बघत राहिले. काय बोललो? आपण तर हो म्हणालो!

अशात उजाडला तो मोठा दिवस. नव्या खांबाच्या विजेवरचं पहिलं ऐकणं! पाहुणे दोन. एक उरुशिबारासान, निवृत्त दंतवैद्य आणि गावातले दुसऱ्या क्रमांकाचे कान. पहिल्या क्रमांकावर कोण, यावर दोघांत बारा वर्षं शीतयुद्ध. अलीकडे त्यांनी केस कानावर वाढवले होते, कलावंतासारखे. दुसरे ओबातासान, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण विकणारे. त्यांचं स्वतःचं मत असं कधी नसायचंच. उरुशिबारांनी नाक मुरडलं की ते रुमाल काढायचे.

संध्याकाळ. पडदे ओढलेले, दिवा एकच, तोही मिणमिणता, कारण अंधारात कान उघडतात असं यजमानांचं मत. पाहुण्यांसाठी दोन पाट मांडलेले. कुसानोसानांनी तबकडी लावली. कपाटाएवढे स्पीकर गंभीरपणे वाजू लागले.

थोड्या वेळात उरुशिबारासानांची चुळबुळ सुरू झाली. डोकं डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. केसांत बोट घातलं. घाम पुसला. शेवटी अगदी सावधपणे म्हणाले, "वरच्या अंगाला... एक किणकिण आहे, नाही? चांदीसारखी?"

"आहे तर!" ओबातासान तत्काळ म्हणाले. "मी म्हणणारच होतो. मला वाटलं मलाच येतेय की काय!"

कुसानोसानांना किणकिण सोडा, किण्‌सुद्धा ऐकू येत नव्हतं! खांब यांचा, वीज यांची, आणि पुण्य पाहुण्यांना! पण माणूस मुरलेला. त्यांनी मंद हसून म्हटलं, "कोणाच्या लक्षात येतंय, हेच बघत होतो. हा खांबाचा गुण."

"खांबाचा!" ओबातासान हात जोडून म्हणाले.

कुसानोसानांना चेव आला. आता तुलना दाखवायचीच! ते गेले आणि स्वयंपाकघरातून ते प्लास्टिकचे स्पीकर बगलेत मारून घेऊन आले. तारा जोडल्या आणि सभेत करतात तसं भाषण ठोकलं.

"मित्रहो, आज आपल्यात एक थोर पाहुणे आले आहेत. जन्म अज्ञात, शिक्षण नाही, अंगावर चिकटपट्टीशिवाय दागिना नाही! पण काय यांची साधी राहणी! खालचे सूर हे घेतच नाहीत, उगाच जमिनीला त्रास नको म्हणून. वरचे सूर येतात आणि दारावरूनच परत जातात. मधले तेवढे चपला न काढता घरात घुसतात! एकच गोष्ट मान्य करायला हवी. हे खोटं बोलत नाहीत. वाईट वाजतात आणि तसं तोंडावर सांगतात. ऐका तर!"

दोघं खो खो हसले. डबे वाजायला लागले. आणि उरुशिबारासानांचं हसू एकदम मावळलं. पुन्हा बोट केसांत.

"याच्यातही..." ते म्हणाले, "याच्यातही आहे का हो किणकिण?"

ओबातासानांनी एकदा दंतवैद्यांकडे बघितलं. विचारतायत की सांगतायत? धोका कशाला पत्करा! "आहे!" ते म्हणाले. "उलट जास्त ठसठशीत आहे!"

आता आली का पंचाईत! कुसानोसान 'नाही' म्हणाले तर प्रश्न येणार, मग मघाशी कशी होती? आणि 'आहे' म्हणाले तर खांब, नळीएवढ्या तारा, चेरीचे ठोकळे, सगळं बिस्किटाच्या डब्याच्या बरोबरीला बसणार!

"आहे," ते म्हणाले.

"खरं सांगू?" ओबातासानांना आता कंठ फुटला. "या चिकटपट्टीतच मेख आहे. कंप आवरला जातो. आणि फाटक्या जाळीतून सूर कसा मोकळा येतो! आपण मोठमोठ्या पेट्या आणून सुरांना कोंडलं, कुसानोसान. कोंडलं!"

"प्लास्टिकला एक प्रामाणिकपणा असतो," उरुशिबारासान कपाळाचा घाम पुसत म्हणाले. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

मघाचं भाषण असं यजमानांच्याच गळ्यात आलं! कुसानोसानांना ऐकवेना. त्यांनी उठून तबकडीवरची सुई उचलली. संगीत थांबलं.

उरुशिबारासान पांढरेफटक पडले. "अजून... अजूनही?" त्यांनी चाचरत विचारलं.

ओबातासान डोळे मिटून डोलत होते. "घुमतेय! तबकडी थांबली तरी घुमतेय! वा, क्या बात है!"

तेवढ्यात जाड दार उघडलं. संगीत थांबलं म्हणजे मध्यंतर, अशा समजुतीनं मित्सुएसान चहा आणि उकडलेले चेस्टनट घेऊन आत आल्या. स्वेटरसकट आल्या. आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगंबाई! किती गोड गातायत हो!"

"कोण?" तिघांनी एकदम विचारलं.

"कोण म्हणजे? होनोकाचे घुंगरूकिडे! हे काय तुमच्या मागे, स्पीकरवर! सगळी खोली भरून टाकलीय त्यांनी. कधीपासून गातायत?"

तिघांनी मागे वळून बघितलं. पेटीत नरांनी पंख उभे केले होते आणि ते अंगात आल्यासारखे थरथरत होते.

मग उरुशिबारासान मांडीवर थाप मारून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. केस मागे सारले आणि कानातून वाटाण्याएवढं श्रवणयंत्र काढून तळहातावर ठेवलं. "म्हणजे हे शिट्टी मारत नव्हतं तर! मला वाटलं बिघडलं! मेल्याहून मेलो होतो मी इथे!"

"यंत्र?" ओबातासान म्हणाले. आणि मग, "मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून म्हणालो. दाताच्या डॉक्टरशी वाद घालायची माझी लहानपणापासून छाती नाही."

आता सगळ्यांच्या नजरा कुसानोसानांकडे. 'मला तर पहिल्यापासून ऐकू येत होतं' असं म्हणायला त्यांना एक क्षण पुरला असता. तोंड उघडलंही होतं. पण त्यांची नजर पेटीवर गेली. मुके झाले का, असं पोरीनं विचारलं होतं, हे एव्हाना त्यांना मित्सुएसाननी समजावून सांगितलं होतं. इतके दिवस हे बिचारे जीव तोडून गात होते, आणि आपण त्यांना नापास करत होतो. आणि तिलाही.

"सदोष माल," कुसानोसान हळूच म्हणाले. या वेळी बोट त्यांच्या स्वतःच्या कानाकडे होतं.

पाहुणे गेल्यावर ते खुर्ची सोडून पेटीशी जमिनीवर बसले. मित्सुएसानही शेजारी बसल्या, त्या खोलीत पहिल्यांदाच.

"आत्ता गातायत?"

"हो."

"आणि आत्ता?"

"थांबले. हं, पुन्हा सुरू."

"मला लहानपणचं आठवतंय गं," ते म्हणाले. "आमच्या मागच्या बांधावर असायचे. मला वाटलं, हल्ली गावात राहिलेच नाहीत."

मित्सुएसाननी त्यांचा हात हातात घेतला. चहा तसाच निवला.

रविवारी फोन आला तेव्हा मित्सुएसान त्यांना चिकटून बसल्या आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या कानाशी मोठ्यांदा पुन्हा म्हणायला लागल्या.

"होनोका, किडे मुके नाहीत. आजोबांचे कान बिघडलेत. तुझी काही चूक नाही. काकडीचीही नाही."

मग पोरगी म्हणाली, "खोटं! मला पण फोनवर ऐकू नव्हते आले. माझे कान कुठे म्हातारे आहेत?"

मित्सुएसाननी रिसीव्हर पेटीला लावला. खोलीत नुसता दणका चाललेला, आणि होनोका आपली म्हणतेय, "नाही येत!" मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, इतका बारीक आवाज फोनच्या तारेत मावत नसणार!"

"म्हणजे फोनसुद्धा आजोबांसारखाच झालाय?"

"अगदी तस्साच!" कुसानोसान म्हणाले आणि किती दिवसांनी मोकळं हसले.

शरदातल्या सुट्टीला होनोका खरोखर आली. तोवर कुसानोसान डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांच्याही कानात वाटाणा बसला होता. सोबत उरुशिबारासान गेले होते, अनुभवी माणूस म्हणून. परत येताना कुसानोसान आमच्या दारात थांबले आणि म्हणाले, "मशीन खरंच फार वाजतं हो तुमचं." मी पुन्हा वाकून माफी मागितली.

पेटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली होती. होनोका हनुवटी टेकवून बसली. दिवा मालवला. थोड्या वेळानं एक नर उठला, त्यानं पंख उभे केले, आणि कुसानोसान तिच्या आधी बोलले. "गायला!" ते ओरडलेच. "गायला गं! पास!"

होनोकानं टाळ्या वाजवल्या. मित्सुएसाननी डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून दिवा लावून रेडिओ सुरू केला. सातच्या बातम्या. फ्रिजवरचे स्पीकर खडखडले.

कुसानोसान दचकले. "शी! हे काय गं? पत्र्यावर वाळू ओततंय का कोणी? इतके भिकार वाजतात हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग टाकून का नाही दिलेस? तुला आवडायचे ना!"

"मला?" मित्सुएसान काकडी कापत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "माझं डोकं उठतं त्यांनी. पण तुम्हाला त्यांच्यावर बातम्या कळायच्या. दुकानात सगळे वाजवून बघितले आणि त्यातले सगळ्यात कर्कश निवडून आणले."

कुसानोसान फ्रिजकडे बघत राहिले. लोणच्याची बरणी तिथेच होती, फ्रिजशेजारी, इतकी वर्षं. अंगणातल्या खांबावर एक कावळा बसला होता. त्यांनी हळूच कानातला वाटाणा काढला, खिशात ठेवला, आणि खुर्ची ओढून त्या चिकटपट्टीवाल्या डब्यासमोर बरोबर मधोमध बसले.

"आता बघ," ते म्हणाले. "झकास वाजतायत!"